ग्राफ कलरिंगनंतरही काम उरतं
'ग्राफ कलरिंग केलं की परीक्षेचं वेळापत्रक तयार' हे अर्धंच खरं. ग्राफ कलरिंग म्हणजे प्रत्येक पेपर एक बिंदू, एकच विद्यार्थी देणार असलेले दोन पेपर जोडणारी रेषा म्हणजे कड, आणि जोडलेल्या बिंदूंना वेगवेगळे रंग; एका रंगाचे पेपर एकाच वेळी. एका विद्यार्थ्याचे दोन पेपर एकाच वेळी येणार नाहीत, एवढीच त्यात हमी. कुठला रंग कुठल्या दिवशी, हे उरतंच. तिथे कार्टर या संशोधकाची दंडपद्धत कामाला येते: एका विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या स्लॉटमध्ये (परीक्षेच्या वेळांमध्ये) आले तर दंड १६, मग अंतर वाढेल तसे ८, ४, २, १. बेरजेला विद्यार्थीसंख्येने भागायचं आणि स्लॉटची अदलाबदल करत आकडा खाली आणायचा.

आणि हो, ग्राफ अभ्यासक्रमाच्या तक्त्यावरून नको, भरलेल्या परीक्षा अर्जांवरून बांधा. एटीकेटीवाल्यांमुळे, म्हणजे मागचे विषय राहूनही पुढे गेलेल्यांमुळे, तिसऱ्या सेमिस्टरचं गणित पाचव्याच्या पेपरला जोडलं जातं. ती कड तक्त्यात दिसतच नाही, आणि ऐनवेळी बोंब होते ती तिथेच.