दारावर जायचं राहून गेलं : करोनातले आपले खान्देशातले अनुभव

22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाचला ओट्यावर उभं राहून आपण थाळ्या वाजवल्या, त्याला पाच वर्षं होऊन गेली. यंदा आखाजीला (म्हणजे अक्षय तृतीयेला) बहिणी जमल्या, निंबाला झोका बांधला, खापरावरचे मांडे झाले आणि जेवताना विषय निघाला की 2020 ची आखाजी आठवते का, तर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणे लस घेतली म्हणून वाचलो, दुसरी म्हणे मी घेतलीच नाही आणि काही झालं नाही, आणि धाकटी ताटावरून उठून गेली कारण तिच्या सासऱ्यांची गंधमुक्ती, म्हणजे माणूस गेल्यानंतरचा विधी, पाच माणसांत उरकली होती. म्हणून हा धागा. लस, मास्क, बंद दुकानं, मोजक्या माणसांतली लग्नं, तेव्हा लोक काय बोलायचे आणि तुम्ही काय बोलायचे ते जसं झालं तसं लिहा. कोण बरोबर कोण चूक हे ठरवायचं नाहीये. दवाखान्यांची आणि माणसांची नावं टाकू नका एवढीच विनंती.

माझंच आधी सांगतो. पारोळा तालुक्यातलं गाव. एप्रिलमधे गावाच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि पाळीपाळीने पोरं काठ्या घेऊन बसायची, त्यात मी पण होतो. माझा चुलतभाऊ सुरतला लूमवर कामाला, कारखाना बंद, खोलीवाला भाडं मागतोय, म्हणून तो कोंडाईबारीचा घाट चढून थोडं पायी थोडं ट्रकवर असा चौथ्या दिवशी गावाच्या शिवेवर आला. पाय फुटलेले. आणि मी त्याला तिथेच थांबवलं. चौदा दिवस झेडपीच्या शाळेत ठेवला, वहिनी डबा आणून काट्यांच्या अलीकडे ठेवायची आणि मागे सरकायची, मग तो येऊन उचलायचा. गावानं ठरवलं ते तेव्हा मला बरोबर वाटलं, आजही पूर्ण चूक म्हणवत नाही, पण त्याच्याशी बोलायला मी काट्यांपर्यंत एकदाही गेलो नाही हे चूकच.

दुसऱ्या वर्षी गावात लसीकरण आलं तेव्हा त्याला बोलवायला मीच गेलो. तो म्हणे, “तुमनं ऐकीसन मी सुई लेऊ का?” बस, एवढंच. आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे झालो असतो, पण तो लसीला नाही म्हणत नव्हता, मला नाही म्हणत होता. पुढे सुरतला कामावर सर्टिफिकेट मागायला लागले तेव्हा त्यानं तिकडेच दोन्ही डोस घेतले.

आशाताई, शिरपूर तालुका

दादा तुम्ही लिहिलं ते अगदी खरं आहे, मी आशा कार्यकर्ती आहे, मला हेच दिसलं. लोकांना वाटतं की खेड्यातले अफवांना घाबरले, अफवा होत्याच, लस घेतली की मूल होत नाही, दोन वर्षात माणूस मरतो, सगळं ऐकलं. पण खरी भीती तापाची होती. कोव्हिशील्डनंतर एक-दोन दिवस ताप यायचा, अंग मोडून यायचं आणि ज्याची रोजची मजुरी आहे त्याचे दोन दिवस गेले म्हणजे गेले. एका बाईनं मला सरळ विचारलं, “लस लिसन मरी गयी तं पोऱ्यासले कोन दखी?” मी तिला काय सांगू, मी म्हटलं मी बघेन. खरंच म्हटलं. मग ती आली.

आणि एक गोष्ट कोणाला माहीत नसते. कोव्हिशील्डच्या एका बाटलीत दहा डोस, बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. सातच माणसं आली की सिस्टर म्हणणार अजून तिघं आण. मी उन्हात मळ्या-मळ्यात जायचे, कांदा काढणाऱ्या बायकांना हात जोडायचे, आणि इकडे आलेले सात जण कंटाळून घरी निघून जायचे. परत पहिल्यापासून. करोनाच्या कामाचे आम्हाला महिन्याला हजार रुपये जास्तीचे होते म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. जून 2021 ला राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मी पण गेले, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

कापडवाला, धुळे

मी नियमांच्या विरोधात होतो आणि आहे, स्पष्ट लिहितो. आमच्या धंद्यात लग्नसराईचे एप्रिल-मे म्हणजे वर्षाचं पोट. 2020 चे गेले. आम्ही म्हटलं ठीक आहे, कोणालाच काही कळत नव्हतं. 2021 साठी उधारीवर माल भरला आणि 14 एप्रिलला रात्री आठपासून परत सगळं बंद. नंतर लग्नाला 25 माणसं आणि दोन तास. पंचवीस माणसांच्या लग्नात आहेराच्या साड्या कोण घेणार? इकडे शटर अर्धं वर केलं की दंड आणि तिकडे टीव्हीवर दुसऱ्या राज्यातल्या प्रचाराच्या सभा. माझ्याकडे सहा पोरं कामाला होती, दोघं उरले.

पण लसीला माझा कधीच विरोध नव्हता. 45 च्या वरच्यांना 1 एप्रिलपासून सुरू झाली, मी दुसऱ्याच दिवशी घेतली. लोक या दोन्ही गोष्टी एकात घालतात, जो दुकान उघडा म्हणतो तो लसविरोधी, असं नसतं हो.

पांढरा डगला, जळगाव

कापडवाले भाऊ, तुमचं नुकसान मी नाकारत नाही. मी त्या एप्रिलमधे करोना वॉर्डात नर्स होते. पीपीई घातला की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. बेड भरलेले आणि खाली गेटवर रिक्षात माणूस धापा टाकतोय, नातेवाईक आमचे पाय धरताहेत. त्यातले किती लग्नातून आले होते हे मी मोजलं नाही, पण केस पेपरवर माहिती घेताना “हळदीला गेलो होतो” हे वाक्य मी खूप वेळा लिहिलंय. तुमच्या दुकानावर राग नव्हता आमचा. बंद नसतं तर आम्ही कुठे पुरलो असतो हे मला आजपण समजत नाही.

कापडवाला, धुळे

ताई, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मदत दुकानदाराला मिळायला हवी होती, माझं म्हणणं तेवढंच आहे.

मेहरूणची बोरं

मला एक कबूल करायचंय. मे 2021, तेव्हा मी 24 वर्षांचा, 18 च्या वरच्यांना लस नुकतीच उघडली होती. मोबाईलवर स्लॉट उघडायचा आणि ओटीपी येईपर्यंत सगळं लाल. मित्राने सांगितलं की आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रावर स्लॉट रिकामे असतात, मग आम्ही तिघं गाडी काढून सत्तर किलोमीटरवर गेलो. तिथे बाहेर निंबाखाली गावातली माणसं बसलेली, त्यांच्याकडे ना स्मार्टफोन ना रेंज, आणि आत खुर्च्यांवर सगळे आमच्यासारखे शहरातून आलेले. एक म्हातारे बाबा कंपाउंडरला विचारत होते की गाव आमचं, दवाखाना आमचा, मग सुई यांना कशी काय? कोणी उत्तर दिलं नाही. मी लस घेतली, फोटो टाकला आणि आलो परत. नंतर लोक म्हणायला लागले की आदिवासी लस घेत नाहीत, तेव्हा मला ते बाबा आठवायचे.

गुरुजी, धडगाव

बोरंवाले मित्रा, लिहिलंस ते बरं केलं. मी सातपुड्यात शिक्षक, शाळा बंद म्हणून आमची ड्युटी सर्वेक्षणाला आणि लसीकरणाला. पहिल्यांदा आमची गाडी पाड्यावर दिसली की माणसं जंगलात निघून जायची. नर्मदेकाठच्या पाड्यांवर तर होडीनंच जावं लागतं, तास दीड तास पाण्यातून जायचं आणि वर चढून बघावं तर घरं रिकामी, कोंबड्या तेवढ्या. साहेबलोकांनी मराठीत भाषण ठोकून उपयोग नव्हता. एका पाड्यावर पुजारा आणि पोलीस पाटील दोघांना आधी भेटलो, दोन दिवस नुसतं त्यांच्या अंगणात बसलो, पावरी बोलीत बोललो, लसीचा विषय त्यांनीच काढला. तिसऱ्या दिवशी पुजाऱ्यानं सगळ्यांसमोर बाही वर केली. त्या दिवशी बाटली पूर्ण संपली, आशाताईंना कळेल याचा अर्थ.

आणि आमच्या नंदुरबारचं एक चांगलं पण लिहून ठेवतो, कारण बातम्यांमधे आमचा जिल्हा कुपोषणापुरताच येतो. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, स्वतः भिल्ल समाजातले, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. त्यांनी पहिली लाट ओसरत असतानाच जिल्ह्यात ऑक्सिजन प्लांट बसवायला घेतले. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं सिलेंडरला धावत होती तेव्हा आमच्याकडे हवेतून ऑक्सिजन तयार होत होता.

नाही घेतली

मी अजूनही लस घेतलेली नाही आणि माझं मत बदललेलं नाही. आधी सांगितलं दुसरा डोस चार ते सहा आठवड्यांनी, मग सहा ते आठ, मग 13 मे 2021 ला एकदम बारा ते सोळा आठवडे. मला वाटलं यांनाच नक्की माहीत नाही तर मी कशाला? नोव्हेंबर 2021 मधे दोन डोस नसतील तर बसमधे बसू नका असा नियम आला, तेव्हा एका कंडक्टरनं मला चाळीसगावच्या स्टँडवर उतरवलं, चारचौघांत. 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंच की कोणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही. दुसऱ्यांनी घेऊ नये असं मी कधी म्हटलं नाही. आईला मीच नेऊन दिली.

पांढरा डगला, जळगाव

दादा, तुम्हाला बसमधून उतरवलं ते वाईटच झालं. अंतर मात्र त्यांना माहीत नव्हतं म्हणून वाढवलं असं नाही. अंतर वाढवलं की संरक्षण जास्त चांगलं मिळतं असं अभ्यासात दिसलं होतं आणि त्याच वेळी लसीचा तुटवडाही होता, आपल्या राज्यानं तर 18 ते 44 चं लसीकरण 12 मे ला थांबवलं होतं. ही दोन्ही कारणं लोकांना सरळ सांगायला हवी होती. आम्हाला सुद्धा मोबाईलवर मेसेज यायचा तेव्हाच कळायचं.

केळीचा घड, रावेर

वाद घालायला नाही, एवढंच सांगायला आलो की 2020 ला माल तोडायला मजूर नाही, बाहेरचा व्यापारी नाही, घड झाडावर पिकले आणि गुरांना घातले. तरी गावात कोणी उपाशी झोपलं नाही.

माहेरवाशीण

मी नाशिकला दिलेली, माहेर एरंडोलकडे. 2020 च्या आखाजीला, 26 एप्रिलला, जिल्हाबंदी. आई फोनवर म्हणे गौराई मांडली आहे, घागर भरली आहे, पुढच्या वर्षी दोन वर्षांचं एकदम ये. 2021 ची आखाजी 14 मे ला होती. आई 6 मे ला गेली.

आईनं लस घेतली नव्हती. मार्चमधेच साठीच्या वरच्यांना सुरू झाली होती, मी फोन केला की म्हणायची रांगेत उभं राहूनच करोना होईल बाई, गर्दी कमी झाली की जाते. तिला अडाणी म्हणू नका कोणी, तिचं सगळं ऐकलेलं होतं, गर्दीत जाऊ नका हे वर्षभर टीव्हीनंच तिला शिकवलं होतं. मी दम दिला असता तर गेली असती. मी नाही दिला.

प्लास्टिकमधे गुंडाळून दिली, भाऊ आणि दोघं. मी दहाव्याला व्हिडिओ कॉलवर होते, पिंड ठेवला, कावळा शिवला की नाही ते दिसलं नाही कारण रेंज गेली. आणि दारावर कोणी आलं नाही. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे दारावर येणं म्हणजे काय असतं, बायका गल्लीच्या तोंडाशीच हंबरडा फोडतात, गळ्यात पडतात, कोणी चहा करतं, कोणी आईची जुनी गोष्ट सांगतं, रडून रडून माणूस हलकं होतं. आमच्या ओट्यावर बाबा एकटे बसायचे आणि समोरच्या घरचे खिडकीतून हात जोडायचे. ते चुकले असं नाही म्हणत मी.

2022 ला गुढीपाडव्याला सगळे निर्बंध उठले. त्यानंतरच्या आखाजीला मी गेले, झोका बांधलेलाच नव्हता. दुपारी गल्लीतल्या आठ-दहा बायका एकत्र आल्या, दारातच मोठ्यानं रडल्या, वर्ष झालं होतं तरी. मी पहिल्यांदा त्या दिवशी रडले.

आशाताई, शिरपूर तालुका

ताई, आमच्याकडे अशी अकरा घरं आहेत ज्यांच्या दारावर कोणी गेलं नव्हतं. मी लसीच्या यादीबरोबर ती पण यादी ठेवली होती वहीत. सगळीकडे जाऊन आले, शेवटचं घर दिवाळीनंतर झालं.

धागाकर्ता

माहेरवाशीण ताईंचं वाचून काल चुलतभावाकडे गेलो, तो सुट्टीवर आलाय. काट्यांचा विषय मीच काढला. तो म्हणे सोड ना भो, वहिनीला चहा टाकायला सांगितला आणि मग रात्री अकरापर्यंत सुरतहून कसा कसा आला ते पहिल्यांदा सांगत बसला. व्याऱ्याजवळ एका पंपावर त्यांना कोणी खिचडी दिली होती, ते मला माहीतच नव्हतं.