गावातल्या हुतात्मा स्तंभावरची जुनी नावं कुठून कन्फर्म करायची?

बोरी_काठ: राम राम मंडळी. अमळनेर साइडचं गाव आमचं. चौकातल्या स्तंभाचं काम निघालंय, जुना दगड काढून ग्रॅनाइट बसवताहेत. दर १५ ऑगस्टला ऑइल पेंट फासून फासून अक्षरं पार बुजली, वरची दोन नावं पहिल्या महायुद्धातली आहेत असं म्हातारे सांगतात पण त्यांच्या घरचं कोणी उरलं नाही, नी कमिटीवाले म्हणून राहिले की पुरावा नसेल तर ती दोन सोडून द्या. जळगाव जिल्हा टाकून नेटवर खूप शोधलं, काहीच येत नाही.

रावेर_केळीवाला: जळगाव टाकून कसं येईल भाऊ, तेव्हा जिल्हा पूर्व खान्देश होता ना! १९०६ ला खान्देशचे दोन भाग झाले, पूर्व म्हणजे आपलं जळगाव नी पश्चिम म्हणजे धुळे-नंदुरबार. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज म्हणून संस्था आहे, महायुद्धात गेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी, तिच्या साइटवर इंग्रजीत ईस्ट खान्देश टाक. १९१४ ते ऑगस्ट १९२१ नी १९३९ ते १९४७ मधले लोक त्यांच्याकडे आहेत. आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं नाव नी बापाचं नाव, ते पण साहेबाला जसं ऐकू आलं तसं, म्हणून स्पेलिंग बदलून बदलून बघ. मराठा पलटणीत असतील तर मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेले असायचे चान्स जास्त, तिथल्या बसरा मेमोरियलखाली शोध.

फौजी_नाना: आधी दगड हलवू नका. रात्री टॉर्च दगडाला टेकवून आडवा धरा, उजेड तिरपा पडला की खोदलेल्या अक्षराच्या कडेला सावली धरते नी पेंटखालचं पण वाचता येतं. तारेचा ब्रश अजिबात मारू नका, उरलंसुरलं पण जाईल.
स्वातंत्र्यानंतरचे जवान दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या साइटवर नावानं शोधता येतात. पण तिथं सैन्यदलांचेच, सीआरपीएफवाले तिथं शोधू नका, त्यांचं राष्ट्रीय पोलीस स्मारक वेगळं, चाणक्यपुरीत. आमच्या गावात यावरूनच एक पोरगा राहून जात होता, यादीत नाही म्हणे. अरे ड्युटीवर गेला ना तो!

अहिरानी_गडी: पुरावा नही म्हनीसन नाव काढतस का भो? ज्यासनी दगड बसाडा त्यासले म्हाईत व्हतंच ना.

बोरी_काठ: हा पॉइंट भारी आहे, मीटिंगमध्ये हाच टाकतो. ईस्ट खान्देशवर एक नाव जुळतंय असं वाटतंय, बापाचं नाव टॉर्चनं वाचून मग बघतो. ग्रॅनाइटवाल्याला थांबवलंय. जुना दगड पण बाजूला तिथंच ठेवा म्हटलं तर एक जण म्हणे, पेव्हर ब्लॉकचं डिझाइन बिघडतं.