आईला एटीएम कार्ड वापरायला कसं शिकवू? (नौपाडा, ठाणे)

घंटाळीची लेक
नमस्कार मंडळी. आई 72 वर्षांची, नौपाड्यात एकटी राहते. बाबा होते तोवर बँकेचं सगळं तेच बघायचे. आता ती दर महिन्याला स्लिप भरून, रांगेत उभी राहून पेन्शन काढते. गुडघा सुजला म्हणून मध्यंतरी पहिल्यांदाच कार्ड घेऊन गोखले रोडवरच्या एका एटीएमवर गेली. मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत, आणि 5000 कापल्याचा मेसेज मात्र आला. मागे उभा असलेला एक मुलगा "द्या आजी, मी काढून देतो" म्हणत पुढे झाला. तिने कार्ड दिलं नाही, पण इतकी घाबरली की ते आता देवघरातल्या डब्यात पडलंय. मी पनवेलला असते. त्या 5000 चं काय करू? आणि पुढे तिला कार्ड बिनधास्त वापरता यावं म्हणून काय सवयी लावू?

वाशीचा निवृत्त कॅशियर
ताई, आधी पैशांचं बघू. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप खात्यात परत यायला हवी. त्यापुढे दर दिवशी 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. मशीन कुठल्याही बँकेचं असो, तक्रार कार्ड ज्या बँकेचं तिथेच करायची. मेसेज पुसू नका. किती दिवस झाले?

घंटाळीची लेक
आज अकरावा.

वाशीचा निवृत्त कॅशियर
मग भरपाईचेच 600 झाले. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 वर फोन करा.

कोपरीकर
काकूंनी कार्ड दिलं नाही, फार बरं केलं. माझ्या वडिलांना असाच एक 'मदत करणारा' भेटला होता. पिन दाबताना त्याने बघितला आणि परत देताना त्याच रंगाचं दुसरं कार्ड हातात ठेवलं. वडील घरी पोचेपर्यंत दोनदा पैसे निघाले होते. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, आणि खोलीत दुसरं कोणी असेल तर वडील सरळ बाहेर येऊन थांबतात. असं काही घडलंच तर आधी कार्ड ब्लॉक करा, मग सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन.

घोडबंदर रोड
एवढा व्याप कशाला? कार्ड आणि पिन तुम्हीच ठेवा, महिन्याला पैसे नेऊन द्या.

वाशीचा निवृत्त कॅशियर
हे करू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमात स्पष्ट आहे: पिन दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. घरातलं माणूसही दुसरंच. आणि स्वतःच्या पेन्शनसाठी आईने लेकीची वाट का बघायची?

नेरुळची मावशी
माझ्या सासूबाईंचं सांगते. पेन्शनच्या खात्यावर कार्डच घेतलं नाही. दुसरं साधं खातं काढलं, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे वळते करतो आणि कार्ड त्या खात्याचं. ॲपमधून ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवलेत, रोजची मर्यादाही कमी केली. शाखेला लागून असलेल्या एटीएमवरच जायचं, तेही बँक उघडी असताना, म्हणजे अडलं तर आत जाऊन विचारता येतं. स्टेट बँकेचं कार्ड असेल तर त्यांच्या एटीएमवर 10,000 किंवा जास्त काढताना ओटीपी लागतो, फोन सोबत हवा.
स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला 5 व्यवहार मोफत असतात, दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईत 3. त्यापुढे मे 2025 पासून दर वेळी 23 रुपयांपर्यंत आणि वर कर.

कोपरीकर
पहिल्या दिवशी फक्त 500 काढायला लावा. पिन दाबताना दुसरा हात वर आडवा. काही मशीन कार्ड शेवटपर्यंत धरून ठेवतात, तेव्हा ओढू नये.

घंटाळीची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज देऊन पोच घेतली. काल सकाळी शाखेच्या एटीएमवर गेलो, मी दाराबाहेरच थांबले. आईने हात आडवा धरून 500 काढले, दोनदा मोजले. मी निघू म्हटलं तर म्हणाली, "थांब गं, शिल्लक किती राहिली ते बघून येते," आणि परत आत गेली.