गावाकडे खेळलेले सिनेमांवरचे बोर्डगेम : आपापले अनुभव लिहा

सिनेमांवर बेतलेले बोर्डगेम विदर्भातल्या खेड्यात कोणी खेळलं असेल, तर इथं सविस्तर लिहा. सुरुवात माझ्यापासून.

दारव्ह्याजवळ आमचं गाव. मे महिन्यात पुण्याहून 'स्टार वॉर्स : रिबेलियन' घेऊन गेलो. २०१६ चा खेळ, प्लास्टिकची १५० वर चिमुकली सैन्यं आणि यानं, एक डाव सहज ३-४ तास चालतो. एकीकडे साम्राज्य, दुसरीकडे बंडखोर. बंडखोरांचा तळ कोणत्या ग्रहावर आहे, ते एका झाकलेल्या पत्त्यावर असतं. साम्राज्यानं तो हुडकून जिंकायचा, बंडखोरांनी पटावरची वेळेची आणि आपल्या नावलौकिकाची खूण एका घरात येईपर्यंत तग धरायचा. ओसरीत सतरंजी टाकली. पत्ते उडतात म्हणून एवढ्या उन्हात कुलर बंद ठेवला.

आजीनं तो सिनेमा पाहिलेला नाही, पण अष्टचंग्यात ती कोणाला ऐकत नाही. तिला बंडखोर दिले, भाच्याला साम्राज्य. दर फेरीला साम्राज्याला टेहळणीचे दोन पत्ते मिळतात आणि तेवढे ग्रह संशयातून सुटतात. भाचा एकेक ग्रह खोडत चालला, तशी आजी नकाशाच्या दूरच्या कोपऱ्याकडे जास्त पाहू लागली. यानंही तिकडेच हलवायची. भाच्यानं सगळी फौज तिकडे नेली. तळ होता त्याच्या राजधानीच्या शेजारी! "लपवाचं असन त डोये दुसरीकडं ठेवा लागते, बापू," आजी म्हणाली. वेळेची आणि बंडखोरांच्या नावलौकिकाची, अशा दोन्ही खुणा एका घरात आल्या अन् ती जिंकली. इतका देखणा डाव मी पुण्यातही पाहिला नाही.

भंडारा जिल्ह्यातून : मी शिक्षिका. मुलीसाठी हॅरी पॉटरचा 'हॉगवर्ट्स बॅटल' घेतला. शाळेच्या ७ वर्षांचे ७ टप्पे, एक जिंकला की पुढचा डबा उघडायचा. सगळे मिळून खलनायकांशी लढतात, हरले तर सगळेच हरतात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आयाबाया शेतावर बांधीत गेल्या की शेजारची पोट्टी आमच्याकडे जमायची. खेळ चौघांचा, म्हणून जोड्या लावायचो. पत्त्यांवरचं इंग्रजी त्यांना अडायचं. मग वहीचे कागद कापून प्रत्येक पत्त्याचं मराठी लिहिलं आणि पत्त्यासोबत प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. त्याला दोन आठवडे लागले.

दर्यापूर तालुका : 'स्टार वॉर्स'मधल्या यानांच्या लढाईचा खेळ 'एक्स-विंग' आम्हाला परवडत नव्हता. नियम वाचून काड्यापेट्यांची यानं केली. या खेळात आपली चाल तबकडीवर गुपचूप लावायची, ती पालथी ठेवायची आणि त्या यानाची पाळी आली की उघडायची. तबकडी पुठ्ठ्याची, मधोमध टाचणी. वळणांच्या पट्ट्या लग्नपत्रिकांतून कापल्या. सारवलेल्या अंगणात खडूनं ३ फुटांचा चौकोन आखायचा की झालं. परवा भावाच्या पोरानं हे सगळं ठेवलेला बिस्किटांचा डबा माळ्यावरून काढला. टाचण्या गंजल्या होत्या, नव्या लावून दिल्या.