पाचटाचा कारभारी कोण: अभियंता की कृषी अधिकारी?

सरीवरंबा

मागच्या आठवड्यात रात्री साडेआठला शेजारच्यांनी तुटलेल्या उसाचं पाचट, म्हणजे वाळला पाला, पेटवलं. वारं फिरलं आणि माझ्या अर्ध्या एकरातल्या ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या. सकाळी खुरप्याने खरवडून काढत होतो तेव्हा शेजारी स्वतः मदतीला आला. माणूस वाईट नाही. पाचट जाळू नका हे पत्रक त्याच्या घरी आहे, पाचट बारीक करणाऱ्या यंत्राच्या, मल्चरच्या अनुदानासाठी अर्जही केलेला आहे. पण नंबर लागेपर्यंत ऊस थोडाच थांबतो?

आता मुद्दा. राज्यात चार कृषी विद्यापीठं आणि चारही ठिकाणी कृषी अभियांत्रिकीचं शिक्षण: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि बँकेच्या नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या मागे लागतात. कृषी खात्यात यांत्रिकीकरण म्हणजे एक टेबल, आणि शेतकचरा तर कुणाच्याच टेबलावर नाही. तमिळनाडूत १९८१ पासून कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, वर मुख्य अभियंता, आणि सरकारी ट्रॅक्टर-बुलडोझर तासाच्या दराने शेतकऱ्याला भाड्याने मिळतो. मध्य प्रदेशात स्वतंत्र संचालनालय आहे. आपल्याकडेही ते हवं, प्रमुख अभियंताच हवा आणि उसाचं पाचट, कापसाची पऱ्हाटी, भाताचं काड हे सगळं त्याच्या गळ्यात बांधावं. विरोधी मतं आधी येऊ द्या.

माजी मंडळ

घ्या, पहिलं विरोधी मत. बत्तीस वर्षं खात्यात काढली, त्यातली अकरा मंडळ कृषी अधिकारी म्हणून.

उसाच्या पाचटाला यंत्र लागतंच हे तुम्ही गृहीत का धरलंत? पाचट एक सरी आड दाबायचं, मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे. झालं. यात कोयता आणि दोन माणसं लागतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यात नत्र अर्धा टक्का, पालाश पाऊण ते एक टक्का. म्हणजे एकरी युरियाच्या जवळपास एका गोणीचं नत्र तुम्ही धुरात घालवता. हा विषय पीकशास्त्राचा आहे. वर अभियंता बसवला की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यंत्रच येणार, हातोडीवाल्याला सगळीकडे खिळेच दिसतात तसं.

आणि मध्य प्रदेशचं उदाहरण द्यायला नको होतं. तिथे संचालनालय आहे, भोपाळमध्ये १९७६ पासून केंद्र सरकारची कृषी अभियांत्रिकी संशोधन संस्थाही आहे. तरी २०२४ च्या हंगामात उपग्रहाने टिपलेल्या भाताच्या काडाच्या आगी मध्य प्रदेशात पंजाबपेक्षा जास्त निघाल्या. खुर्ची वेगळी केल्याने आग विझत असती तर भोपाळच्या आसपास हवा स्वच्छ दिसली असती.

राहुरीचा बी.टेक.

माजी मंडळ साहेब, मानतो तुम्हाला, पण "सगळीकडे खिळे" हे कुणाला? अभियंता नसताना खात्याने काय वाटलं ते आठवा. रोटाव्हेटर! गावोगाव रोटाव्हेटर. चार-पाच इंच माती भुगा आणि खाली तळ इतका घट्ट की पाऊस मुरत नाही. पस्तीस एचपीच्या ट्रॅक्टरमागे पन्नास एचपीचा मल्चर दिलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, भार आला की इंजिन धापा टाकतं, मालक दोन दिवसांत अवजार शेडमध्ये ढकलतो. ट्रॅक्टरचं आणि अवजाराचं लग्न जुळतं का, हे अर्ज तपासणाऱ्याला कळलं असतं तर?

२०२३ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाच्या बदललेल्या अभ्यासक्रमाविरुद्ध आम्ही आंदोलनाला बसलो होतो. तेव्हा लोक विचारायचे, तुमचं नेमकं काम काय? हेच ते काम.

माजी मंडळ

पस्तीसमागे पन्नास, हे तुमचं खरं आहे. आमच्याही तालुक्यात झालं. पण त्यासाठी तालुक्याला एक तांत्रिक माणूस पुरेल. त्यासाठी अख्खं संचालनालय कशाला?

पऱ्हाटी

तुम्ही ऊसवाले भांडत बसा. इकडे यवतमाळात कुणी विचारतंय का? कापूस वेचून झाला की बोंडअळीच्या भीतीने खातंच सांगतं, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, उपटा. बरं, उपटली. पुढे? पूर्वी बाया मोळ्या बांधून चुलीला न्यायच्या. गॅस आला, मोळ्या बंद झाल्या. आता धुऱ्यावर ढीग आणि ढिगाला काडी.

नागपूरला केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, तिथे पऱ्हाटीपासून पेलेट, म्हणजे जळणाच्या दाबलेल्या कांड्या, करून दाखवतात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के असं जैविक इंधन मिसळावं हे केंद्राने २०२१ मध्येच ठरवलं, आणि वीज केंद्रं आमच्या विदर्भातच उभी. म्हणजे माल इथे, गिऱ्हाईक इथे, तंत्रही इथे. मधला दुवा कुठाय? हलकी, फुगीर वस्तू. ट्रॉलीभर नेली तरी वजन भरत नाही. शेतातच बारीक करून, वाळवून न्यायला हवी. हा पीकशास्त्राचा प्रश्न नाही, मंडळ साहेब. इथे एक सरी आड दाबून चालत नाही.

लुधियाना रिटर्न

नोकरीनिमित्त पंजाबात सहा वर्षं होतो, म्हणून दोन शब्द. तिथे जाळतात ते आळसाने नाही. भूजल वाचवायला २००९ च्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली, त्यामुळे कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात जेमतेम तीन आठवडे उरतात. म्हणून २०१८ पासून केंद्राने हॅपी सीडर (काड न जाळता त्यातच गहू पेरणारं यंत्र) वगैरेंना वैयक्तिक शेतकऱ्याला ५० टक्के आणि अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रांना ८० टक्के अनुदान दिलं. आगी २०२३ मध्ये ३६,६६३ होत्या, २०२४ मध्ये १०,९०९. आकडा छान आहे. पण उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला वरून जातो हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक आहे, आणि संध्याकाळी चारला पेटलेलं शेत त्या आकड्यात येत नाही.

आपल्या खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, ही घाई नाही. आपण जाळतो ते सवयीने, पाटाचं पाणी पुढे सरकत नाही म्हणून, उंदरांच्या भीतीने आणि ऊसतोडीच्या टोळीला साफ रान हवं असतं म्हणून. त्यामुळे पंजाबची योजना उचलून इथे आणायची घाई नको.

सरीवरंबा

मध्य प्रदेशाबाबत मार खाल्ला, कबूल. तमिळनाडूचा मुद्दा मात्र सोडत नाही. तिथे खातं तासाचा हिशेब ठेवतं, आपण वाटलेल्या अवजारांचा.

मंडळ साहेब, एक सरी आड पद्धत मी स्वतः करतो. पण मजूर कुठाय? आणि युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळत असताना एका गोणीच्या नत्रासाठी दोन माणसांचा रोज कोण घालील? सेंद्रिय कर्बाचं महत्त्व पटवून सांगा, नत्राचा हिशेब कुणाला पटत नाही.

मल्चरवाला

माझं धंद्याचं सांगतो. गटाची अवजारे बँक आहे, अवजारं भाड्याने देतो, अनुदानातूनच घेतलेला मल्चर आहे.

सकाळी पाचट दवाने ओलं असतं, रोटरला गुंडाळतं. अकराच्या आधी यंत्र घालता येत नाही. पाचला पुन्हा दमट. म्हणजे दिवसाला सहा तास. त्यात पंधरा-वीस गुंठ्यांचे तुकडे, वळण्यातच डिझेल जातं. ठिबकच्या नळ्या मालकाने गोळा केलेल्या नसतात. दगड लागला की पाचट ठेचणारा हॅमर तुटतो, आणि तो तालुक्याला मिळत नाही. मग मी मोठ्या प्लॉटला आधी जाणारच, माझाही हप्ता आहे. छोट्याचा नंबर लागेपर्यंत त्याने काडी लावलेली असते.

यंत्र आलं तेव्हा साहेब आले होते, यंत्रासोबत माझा फोटो काढला, मोबाइलवर जागा नोंदवली. दोन हंगाम झाले. किती एकर केले, किती तास चाललं, काय तुटलं, एकानेही विचारलं नाही. कुणीही बसवा वर, अभियंता बसवा नाहीतर कीर्तनकार. मला हे विचारणारा माणूस पाहिजे.

राहुरीचा बी.टेक.

तासाचा मीटर शंभर टक्के बसवता येतो, ट्रॅक्टरला तो असतोच. हॅमरचं पोलाद कुठलं आणि किती तासांत झिजतं याची नोंद ठेवली तर पुढच्या खरेदीच्या अटी बदलता येतात. ही नोंद कोण वाचणार हा प्रश्न आहे. वाचता येणारा माणूस पाहिजे ना?

माजी मंडळ

तासांची वही मला मान्य. त्यावर बढती-बदली ठरवा, तेही मान्य. संचालनालय मात्र नको. २०१७ मध्ये मृद व जलसंधारणाचा वेगळा विभाग झाला. बांध फुटला की कुणाकडे जायचं हे आमच्या भागातल्या माणसाला अजून नीट सांगता येत नाही. आता पाचटासाठी तिसरं दार.

पऱ्हाटी

आमच्याकडे एकही दार उघडं नाही, तुम्हाला तिसऱ्याची भीती.

सरीवरंबा

मल्चरवाले, तुमचं गाव आमच्या पट्ट्यातलं दिसतंय. शेजाऱ्याचा उरलेला दोन एकर १२ तारखेला तुटतोय. एकच तुकडा आहे, नळ्या मी उभा राहून गोळा करून घेतो. टोळीचा मुकादम आत्तापासून रान साफ करून मागतोय. १३ ला जमेल का? भाडं अर्धं मी भरतो, माझ्या नळ्यांपेक्षा स्वस्तच पडेल.

मल्चरवाला

१३ ला अकरानंतर येतो. बांधाकडची दगडं वेचून ठेवा.