परदेशातील सांघिक स्पिअरफिशिंग स्पर्धा: पाहणीचे दिवस कसे वापरावेत?

खोलपाणी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या तिघांच्या संघाची परदेशातील एका स्पिअरफिशिंग (पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याच्या) स्पर्धेसाठी निवड झाली आहे. हवेची टाकी न वापरता, केवळ श्वास रोखून, दोन दिवस रोज पाच तास शिकार करायची असून प्रत्येकाला स्वतंत्र बोट मिळेल आणि तिघांच्या गुणांची बेरीज हेच संघाचे गुण धरले जातील. ओळखीच्या खडकांवर आम्ही तिघेही चांगली शिकार करतो. परंतु तिथला तळ आणि तिथल्या माशांच्या सवयी आम्हाला सर्वस्वी नव्या आहेत. स्पर्धेपूर्वी पाहणीसाठी काही दिवस मिळतात. त्या दिवसांत तिघांनी एकत्र फिरावे की क्षेत्र वाटून घ्यावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

तळवाचक

अभिनंदन. अनोळखी पाण्याची भीती बाळगू नका. स्पेनचे होसे आमेंगुआल 1973, 1981 आणि 1985 असे तीनदा जगज्जेते झाले आणि त्यांपैकी दोन विजेतेपदे त्यांनी परक्या किनाऱ्यांवर, ब्राझील व पोर्तुगालमध्ये, मिळवली. माझ्या मते अशी स्पर्धा पाहणीतच निम्मी जिंकली किंवा हरली जाते.

आरंभी क्षेत्र वाटून घ्या. सागरी नकाशा आणि बोटीवरील इकोसाउंडर (ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र) यांच्या साहाय्याने तळाचे उंचवटे, कडे आणि वाळूत एकाकी उभे असलेले खडक शोधा. प्रत्येक ठिकाणाची जीपीएस नोंद करताना खोली, वेळ, प्रवाहाची दिशा, माशांची जात व अंदाजे वजन आणि बिळाचे तोंड कोणत्या बाजूला आहे, हेही त्याच दिवशी लिहून ठेवा. स्पर्धेच्या दिवशी बीळ शोधण्यात गेलेली प्रत्येक बुडी वाया जाते. पाहणीत स्पिअरगन (भाला सोडणारी बंदूक) नेण्यास सहसा मनाई असते, तरीही मासा वारंवार डिवचला गेला की तो जागा सोडतो किंवा अधिक खोल जातो. म्हणून हेकरू (खडकांच्या बिळांत राहणारा मोठा मासा, ग्रूपर) दिसला की नोंद करा आणि निघा. प्रतिस्पर्धी दुर्बिणीतून पाहत असतात, तेव्हा चांगल्या जागेवर बोट रेंगाळू देऊ नका.

नंतरच्या दिवसांत मात्र अदलाबदल करा: एकाने शोधलेली उत्तम ठिकाणे दुसऱ्याने स्वतः बुडून तपासावीत. एकाला सोपी वाटणारी पस्तीस मीटरची जागा दुसऱ्याच्या आवाक्याबाहेर असू शकते आणि कोणती जागा कोणाला द्यायची, हे कर्णधाराला तेव्हाच कळते. बहुतेक नियमांत प्रत्येक जातीच्या माशांची कमाल संख्या ठरलेली असते, त्यामुळे तिघांनीही हेकरूच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. जी ठिकाणे इतर संघांनाही सापडली असतील त्यांवर स्पर्धा सुरू होताच जा. केवळ तुम्हालाच ठाऊक असलेली ठिकाणे उत्तरार्धासाठी राखा.

श्वासधारी

वरील सल्ला उपयुक्त आहे, पण त्यात सुरक्षेचा भाग राहिला आहे आणि स्वतंत्र बोटींच्या स्पर्धेत तो सर्वांत गंभीर आहे. एरवी जोडीने शिकार करताना एक खाली असला की दुसरा वरून लक्ष ठेवतो. इथे पाण्यात जोडीदारच नसेल, म्हणून तुमचा नावाडी हाच तुमचा राखणदार आहे. त्याची भाषा तुम्हाला येत नसेल, तर हातांच्या खुणा पाहणीच्या पहिल्याच दिवशी पक्क्या करा आणि वर आल्यानंतर किमान तीस सेकंद त्याने तुमच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे, असे बजावून ठेवा.

बेशुद्धी बहुधा तळाशी येत नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; वर येताना तो झपाट्याने निम्मा होतो, फुप्फुसांतील ऑक्सिजनचा दाबही तसाच घसरतो आणि शेवटच्या काही मीटरांत किंवा पृष्ठभागावर आल्यावर शुद्ध हरपते. बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेतल्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते. ही सवय असल्यास ती आजच सोडा.

दोन बुड्यांमधील विश्रांती बुडीच्या किमान दुप्पट असावी, खोल पाण्यात त्याहून अधिक. तुआमोटू बेटांवरील मोती काढणाऱ्यांना दिवसभराच्या खोल बुड्यांनंतर चक्कर, पक्षाघात असे त्रास होत; त्याला तिथे तारावाना म्हणतात. टाकीविना बुडणाऱ्यालाही शरीरात साठलेल्या नायट्रोजनची बाधा होऊ शकते, हे विसरू नये. पाहणीतल्या बुड्या स्पर्धेपेक्षाही अधिक होतात, म्हणून आदला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा आणि शेवटच्या बुडीनंतर लगेच विमानात बसू नका.

भरतीओहोटी

तळवाचक यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. पहिल्याच दिवसापासून क्षेत्र वाटून घेणे अनुभवी संघाला शोभते. तुम्हाला तिथले मासेच नवे आहेत, म्हणून पहिला दिवस तिघांनी एकत्र काढावा आणि शक्य असल्यास एखाद्या स्थानिक पाणबुड्याला सोबत घ्यावे. कोणता मासा किमान वजनात बसेल, हे तिघांनी एकाच नजरेने ठरवायला शिकले पाहिजे. कमी वजनाचा मासा गुण देत नाही आणि काही नियमांनुसार दंडही होतो. संरक्षित जातींची यादी चित्रांसह पाठ करा. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर हेकरूच्या शिकारीस मनाई आहे, तर अन्यत्र तोच मासा सर्वाधिक गुण मिळवून देतो.

साहित्याविषयी थोडक्यात: स्पिअरगन रबर काढून, भाल्याचे टोक झाकून, कडक नळीत घालून सामानात द्या आणि विमान कंपनीची लांबीची मर्यादा आधी विचारा. कमरेच्या पट्ट्यात वजनासाठी लागणारे शिसे आयोजकांकडून मिळते का पाहा. भूमध्य समुद्र महासागरापेक्षा खारट असल्याने तिथे थोडे अधिक वजन लागते, तेव्हा पट्टा पहिल्याच बुडीत नव्याने जुळवा.

खोलपाणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिला दिवस एकत्र, मग वाटणी, शेवटी अदलाबदल असे आम्ही ठरवले आहे. एकच शंका उरते: जखमी हेकरू बिळात अडकला, तर त्याच्यासाठी किती वेळ द्यावा?

तळवाचक

तीन बुड्यांत निघाला नाही, तर भाला तिथेच सोडा, खुणेसाठी बोया (पाण्यावर तरंगणारा फुगा) बांधून ठेवा आणि दुसऱ्या स्पिअरगनने जवळच्या उथळ जागी शिकार सुरू करा. विश्रांती घेऊन परत या. शक्यतो तो मासा सोडून देऊ नका, कारण तो आता जगणार नाही. मात्र थकलेल्या श्वासाने त्याच बिळावर पुन्हा पुन्हा बुडणे हे या खेळातील सर्वांत धोकादायक काम आहे आणि तेव्हा बुडणे थांबवायला सांगण्याचा अधिकार कर्णधाराला आधीच देऊन ठेवा.