'ऑलदो'नंतर 'बट' का नको

'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट' या इंग्रजी वाक्यात नेमकं काय चुकलं? वाक्यं जोडणारा एक शब्द जास्त झालाय. मराठीत हे शब्द जोडीनं येतात, 'जरी पाऊस पडत होता तरी आम्ही बाहेर गेलो'. कानाला 'तरी'ची सवय असल्यामुळे 'बट' आपोआप तोंडात येतो. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा. 'बिकॉज' आणि 'सो'चंही तसंच. ('इफ'पुढे 'देन' मात्र चालतं.)

माझ्या मते याहून घातक 'अनलेस'. त्याच्या पोटातच 'नाही' आहे. 'अभ्यास केला नाहीस तर नापास होशील' याचं 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल' केलं, तर अभ्यास केलास तर नापास होशील असा उलटा अर्थ निघतो! 'अनलेस यू स्टडी' एवढंच म्हणा.

आणि आपला 'की'. 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस' याचं 'ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह' होतं. तिथे 'दॅट' काढा आणि प्रश्नाची रचनाही मोडा: 'ही आस्क्ड व्हेअर आय लिव्ह्ड'.